क्लस्टरमधल्या वेब ॲपपर्यंत ट्रॅफिक पोचवायचं कसं: आतून बाहेर, एकेक सांधा तपासत

ॲपची कंटेनर इमेज तयार झाली, रजिस्ट्रीत (इमेजच्या साठ्यात) गेली, डिप्लॉयमेंट (ॲपच्या किती प्रती चालवायच्या ते सांगणारी नोंद) लावलं, पॉडच्या (ॲपच्या एका चालत्या प्रतीच्या) नावापुढे 'रनिंग' दिसतंय. ब्राउझरमध्ये मात्र काही उघडत नाही. कुबरनेटिस (अनेक मशीनच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर चालवणारी प्रणाली) नव्याने शिकणारे बरेच जण इथे अडतात. मग कुठूनतरी इन्ग्रेसची (बाहेरच्या रिक्वेस्ट कुठे वळवायच्या त्या नियमांची) एक फाइल आणून चिकटवायची, ती चालली नाही की दुसरी आणायची, असा खेळ सुरू होतो. तो सहसा लवकर संपत नाही, कारण शोधाची सुरुवातच चुकीच्या टोकापासून झालेली असते.

ब्राउझर आणि तुमची प्रोसेस यांच्या मध्ये चार-पाच स्वतंत्र वस्तू असतात: डीएनएसची नोंद, लोड बॅलन्सर, इन्ग्रेस किंवा गेटवे कंट्रोलर, सर्व्हिस आणि पॉड. क्लस्टरच्या आत त्या एकमेकींना जोडलेल्या असतात फक्त मजकुराने, म्हणजे एखादं लेबल, एखादं नाव, एखादा पोर्ट नंबर. त्यातलं एक अक्षर चुकलं तरी कुबरनेटिस फाइल खुशाल स्वीकारतं, 'क्रिएटेड' म्हणतं आणि गप्प बसतं. सिलेक्टर (लेबलं पाहून पॉड निवडणारी अट) कोणत्याही पॉडला लागू न पडणं ही त्याच्या दृष्टीने चूक नाहीच. असा पॉड उद्या येईल, असं ते धरून चालतं. म्हणून आतून सुरुवात करायची आणि एक सांधा चालतोय याची खात्री झाल्याशिवाय पुढचा जोडायचा नाही.

उदाहरणासाठी 'नोंदवही' नावाचं ॲप धरू. त्याचे दोन भाग आहेत: पानं दाखवणारा 'नोंदवही-वेब' आणि माहिती पुरवणारा 'नोंदवही-एपीआय'. दोन्ही ८०८० पोर्टवर ऐकतात. (प्रत्यक्ष फाइलमध्ये ही नावं रोमन लहान अक्षरांत लिहावी लागतात, कुबरनेटिस दुसरी लिपी चालवून घेत नाही.) क्लस्टर कोणताही चालेल. सरावाला स्वतःच्या मशीनवरचं मिनिक्यूब किंवा काइंड पुरेसं आहे.

पायरी १: ॲप नक्की कुठे ऐकतंय?

बऱ्याच फ्रेमवर्कचे डेव्हलपमेंट सर्व्हर मुळात फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतात. लॅपटॉपवर त्याने काही बिघडत नाही. पॉडमध्ये मात्र त्याचा अर्थ 'या पॉडच्या आतूनच बोला' असा होतो आणि बाहेरून आलेलं प्रत्येक कनेक्शन नाकारलं जातं. ॲपला ०.०.०.० वर ऐकायला सांगा. बहुतेक ठिकाणी ते एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने किंवा सुरुवातीच्या कमांडमधल्या एका पर्यायाने होतं.

मॅनिफेस्टमधलं (कुबरनेटिसला दिलेल्या वर्णनाच्या फाइलमधलं) 'कंटेनरपोर्ट' हे फील्ड इथे काही मदत करत नाही. ते जवळजवळ माहितीपुरतंच आहे. तिथे ८०८० लिहिल्याने पोर्ट उघडत नाही आणि न लिहिल्याने बंदही होत नाही. ॲप ज्या पोर्टवर ऐकतं, तोच खरा.

तपासायला बहुतेक जण 'क्यूबसीटीएल' या कुबरनेटिसच्या कमांडचं 'पोर्ट-फॉरवर्ड' (स्वतःच्या मशीनवरचा पोर्ट पॉडला जोडणारं) वापरतात, आणि इथे एक सापळा आहे. पोर्ट-फॉरवर्ड पॉडच्या नेटवर्कमध्ये शिरून तिथल्या लोकलहोस्टलाच जोडतं. त्यामुळे ॲप फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असलं तरी ते व्यवस्थित चालतं आणि सगळं ठीक असल्याचा समज होतो. पोर्ट-फॉरवर्ड सर्व्हिसच्या नावाने चालवलं तरी ते आतल्या आत एक पॉड निवडून थेट त्यालाच जोडतं; सर्व्हिसची परीक्षा त्यात होतच नाही.

खरी परीक्षा शेजारच्या पॉडमधून. 'क्यूबसीटीएल रन' ने बिझीबॉक्स इमेजचा एक तात्पुरता पॉड इंटरॅक्टिव्ह पद्धतीने चालू करा. बाहेर पडताच तो पुसला जावा यासाठी आरएम हा पर्याय द्या. 'गेट पॉड्स' चं वाइड आउटपुट मागवलं की ॲपच्या पॉडचा आयपी दिसतो. तात्पुरत्या पॉडमधून त्या आयपीच्या ८०८० पोर्टवर डब्ल्यूगेट करा (बिझीबॉक्समध्ये कर्ल नसतं). पान आलं, तर पहिला सांधा पक्का.

पायरी २: सर्व्हिस

पॉडचा आयपी मिळाला तरी तो कुठे लिहून ठेवू नका. पॉड मेला, नवी आवृत्ती आली, नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) बदलला, की नवा पॉड नवा आयपी घेऊन येतो. सर्व्हिस म्हणजे या बदलत्या पॉड्सच्या पुढे ठेवलेलं न बदलणारं नाव आणि पत्ता. प्रकार न लिहिल्यास ती 'क्लस्टरआयपी' होते, म्हणजे फक्त क्लस्टरच्या आतून दिसणारी. सध्या आपल्याला तेवढंच हवं आहे.

सर्व्हिसमध्ये नीट लक्ष द्यावं अशा गोष्टी दोनच. एक, सिलेक्टर. तो डिप्लॉयमेंटच्या नावाशी जुळायला नको, तर डिप्लॉयमेंटच्या आतल्या पॉड टेम्प्लेटवरच्या लेबलांशी जुळायला हवा. डिप्लॉयमेंटच्या माथ्यावरही लेबलं असतात आणि नवखा माणूस हमखास तिकडे बघतो. दोन, पोर्टची जोडी. 'पोर्ट' म्हणजे सर्व्हिस स्वतः ज्यावर दिसते तो, आणि 'टार्गेटपोर्ट' म्हणजे पॉडमध्ये ॲप ज्यावर ऐकतं तो. नोंदवहीसाठी पोर्ट ८०, टार्गेटपोर्ट ८०८०. टार्गेटपोर्ट लिहिलाच नाही तर तो पोर्टइतकाच धरला जातो, म्हणजे इथे ८०, आणि तिथे कोणीच ऐकत नसतं.

आता 'डिस्क्राइब सर्व्हिस' चालवा आणि 'एंडपॉइंट्स' ही ओळ बघा. या लेखातली एकच सवय उचलायची असेल तर ही उचला. तिथे पॉड्सचे आयपी आणि ८०८० दिसले, तर सर्व्हिसला पॉड सापडले आहेत. ओळ रिकामी असेल तर दोनच शक्यता: लेबल जुळत नाही, किंवा पॉड आहे पण 'रेडी' नाही. कोणती ते ठरवायला सर्व्हिसमधलाच सिलेक्टर जसाच्या तसा 'गेट पॉड्स' ला द्या. काहीच आलं नाही, तर लेबल चुकलंय. पॉड आला पण रेडीच्या रकान्यात ०/१ असेल, तर पुढच्या पायरीवर जा.

तात्पुरत्या पॉडमधून आता आयपीऐवजी नावाने बोलून बघा. त्याच नेमस्पेसमध्ये (क्लस्टरच्या आतल्या नावांच्या कप्प्यात) असाल तर 'नोंदवही-वेब' एवढंच पुरतं, दुसऱ्या नेमस्पेसमधून सर्व्हिसचं नाव, टिंब, नेमस्पेसचं नाव असं लिहावं लागतं. ही नावं आयपीत बदलून देण्याचं काम बहुतेक क्लस्टरमध्ये कोअरडीएनएस करतं.

सर्व्हिसच्या आयपीला पिंग करून बघू नका. तो आयपी कोणत्याही मशीनचा नसतो. क्यूब-प्रॉक्सी प्रत्येक नोडवर आयपीटेबल्सचे, किंवा अलीकडे एनएफटेबल्सचे, नियम लिहून ठेवतो आणि कनेक्शन सुरू होताना ते नियम पत्ता बदलून एखाद्या पॉडकडे वळवतात. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून सर्व्हिस बिघडली असं होत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जी पुढे कामाला येते. पॉडची निवड दर कनेक्शनला एकदा होते, दर रिक्वेस्टला नाही. जीआरपीसीसारखी (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत) दीर्घकाळ उघडी राहणारी कनेक्शन्स असतील तर सगळा भार एकाच पॉडवर बसतो आणि नव्याने वाढवलेले पॉड रिकामे बसून राहतात. अशा वेळी रिक्वेस्ट समजणारा प्रॉक्सी मध्ये लागतो.

पायरी ३: पॉड तयार आहे, हे कोण सांगणार?

रेडिनेस प्रोब (पॉड रिक्वेस्ट घ्यायला तयार आहे का, हे ठराविक वेळाने बघणारी चाचणी) नसेल तर कंटेनर चालू झाला की कुबरनेटिस पॉडला तयार समजतं. ॲपला उठायला वीस सेकंद लागत असतील तर तेवढा वेळ रिक्वेस्ट एका बंद दारावर आदळत राहतात. ॲपमध्ये 'मी तयार आहे' एवढंच सांगणारा एक छोटा पत्ता ठेवा आणि रेडिनेस प्रोब त्याकडे लावा. काही बदललं नाही तर प्रोब दर १० सेकंदांनी चालतो, १ सेकंद वाट बघतो आणि लागोपाठ ३ वेळा हुकला की पॉडला रांगेतून काढतो. १ सेकंद हा आकडा जड ॲप्सना कमी पडतो. भार वाढला की उत्तर उशिरा येतं, पॉड रांगेबाहेर जातो, उरलेल्यांवर भार आणखी वाढतो. तो थोडा सैल करा.

या प्रोबमधून डेटाबेस तपासावा की नाही, यावर लोक वाद घालतात. माझं मत, नको. डेटाबेस अडखळला की सगळे पॉड एकाच वेळी 'तयार नाही' होतात आणि वापरणाऱ्याला तुमचं नीट लिहिलेलं दिलगिरीचं पान दिसण्याऐवजी प्रॉक्सीचा कोरडा ५०३ दिसतो. लाइव्हनेस प्रोबमध्ये (ॲप जिवंत आहे का ते बघणाऱ्या चाचणीत) तर डेटाबेस मुळीच नको. तो प्रोब हुकला की कंटेनर रीस्टार्ट होतो, आणि ॲप रीस्टार्ट केल्याने डेटाबेस बरा होत नाही.

पायरी ४: क्लस्टरबाहेर पहिलं पाऊल

सर्व्हिसचा प्रकार 'नोडपोर्ट' केला की प्रत्येक नोडवर ३०००० ते ३२७६७ या पट्ट्यातला एक पोर्ट उघडतो. चाचणीला ठीक आहे, लोकांना द्यायचा पत्ता हा नव्हे. 'लोडबॅलन्सर' प्रकारात क्लाउड पुरवठादार बाहेरचा आयपी किंवा होस्टनेम जोडून देतो. स्वतःच्या मशीनवर किंवा स्वतःच्या सर्व्हरवर मात्र 'एक्सटर्नल आयपी' च्या रकान्यात 'पेंडिंग' कायमचं बसलेलं दिसतं. त्यात बिघाड काही नाही. आयपी देणारा कोणी क्लस्टरमध्ये नाही, एवढंच. मिनिक्यूबमध्ये त्यासाठी 'टनेल' कमांड आहे, स्वतःच्या सर्व्हरवर मेटलएलबी वापरता येतं.

नोंदवहीचे दोन भाग आहेत म्हणून दोन लोड बॅलन्सर घ्यायचे का? घेता येतात, पण दोन पत्ते, दोन सर्टिफिकेटं, दोनदा खर्च. त्यापेक्षा एकच लोड बॅलन्सर ठेवायचा, त्याच्या मागे होस्टनेम आणि पाथ वाचणारा एक प्रॉक्सी, आणि ॲपच्या दोन्ही सर्व्हिस पुन्हा साध्या क्लस्टरआयपी.

पायरी ५: इन्ग्रेस की गेटवे?

या प्रॉक्सीला नियम सांगायच्या दोन पद्धती आहेत. जुनी इन्ग्रेस, २०२० मध्ये कुबरनेटिस १.१९ सोबत स्थिर झालेली. ती काढून टाकलेली नाही, पण तिच्यात नवं काही भरायचं नाही असं ठरलेलं आहे. नवी गेटवे एपीआय, जिची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आज शून्यातून सुरुवात करणाऱ्याने गेटवे एपीआयच शिकावी असं मी म्हणेन. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. वर्षानुवर्षं बहुतेक ट्यूटोरियल ज्याच्या भरवशावर लिहिली गेली, तो समुदायाचा 'इन्ग्रेस-एन्जिनएक्स' कंट्रोलर बंद करत असल्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि देखभालीची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच दिली गेली. जुन्या लेखांतल्या लांबलचक ॲनोटेशन्स (फाइलवर चिकटवलेल्या जादा सूचना) त्या कंट्रोलरपुरत्याच होत्या. दुसऱ्या कंट्रोलरवर त्या मुकाट्याने दुर्लक्षित होतात. (एफ५ कंपनीचा जवळपास त्याच नावाचा कंट्रोलर वेगळा आहे. शोधताना गल्लत होते.)

पद्धत कोणतीही घ्या, नुसती नियमांची फाइल लावून काही होत नाही. ते नियम वाचून प्रत्यक्ष रिक्वेस्ट वळवणारा कंट्रोलर क्लस्टरमध्ये बसवावा लागतो. गेटवे एपीआयसाठी एन्व्हॉय गेटवे, ट्रेफिक, सिलियम, इस्टिओ असे पर्याय आहेत. शिवाय गेटवे एपीआयच्या वस्तूंच्या व्याख्या बहुधा वेगळ्या बसवाव्या लागतात, काही कंट्रोलर त्या सोबतच आणतात.

वस्तू तीन. 'गेटवेक्लास' सांगतो कोणता कंट्रोलर. तो बहुतेकदा कंट्रोलरसोबतच येतो किंवा दोन ओळींत लिहून होतो. 'गेटवे' सांगतो कोणत्या पोर्टवर, कोणत्या प्रोटोकॉलने ऐकायचं. 'एचटीटीपीराउट' सांगतो कोणत्या होस्टची, कोणत्या पाथची रिक्वेस्ट कोणत्या सर्व्हिसकडे जायची.

नोंदवहीचा राउट असा बनतो: 'पॅरेंटरेफ्स' मध्ये गेटवेचं नाव, 'होस्टनेम्स' मध्ये ॲपचं डोमेन, आणि दोन नियम. '/एपीआय' ने सुरू होणारं सगळं नोंदवही-एपीआयकडे, '/' ने सुरू होणारं नोंदवही-वेबकडे. नियमांच्या क्रमाची काळजी नको, जास्त लांब जुळणारा पाथ जिंकतो. 'बॅकएंडरेफ्स' मध्ये लिहायचा पोर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ८०, ८०८० नव्हे. इथे अनेकांचा हात चुकतो.

पाथ जुळवणी अक्षरांची नसते, तुकड्यांची असते. '/एपीआय' हा '/एपीआय/नोंदी' ला लागू पडतो, '/एपीआयजुना' ला नाही. आणि जुळलेला भाग आपोआप कापलाही जात नाही. तुमचा एपीआय '/नोंदी' ची वाट बघत असेल तर त्याच्या हाती '/एपीआय/नोंदी' येईल आणि तो ४०४ देईल. एकतर ॲपला तो उपसर्ग शिकवा किंवा राउटमध्ये यूआरएल रीराइटचा फिल्टर लावून उपसर्ग बदला. शक्य असेल तिथे मी पहिला मार्ग घेतो, कारण लॉगमधला पाथ आणि ब्राउझरमधला पाथ एकच राहिला की शोधाशोध निम्मी होते.

नेमस्पेसचीही एक अट आहे. गेटवे काही वेगळं सांगत नसेल तर स्वतःच्याच नेमस्पेसमधले राउट स्वीकारतो. राउट दुसरीकडे असेल तर गेटवेच्या लिसनरमध्ये (पोर्ट आणि प्रोटोकॉलच्या नोंदीत) 'अलाउडराउट्स' सैल करावं लागतं. राउटने दुसऱ्या नेमस्पेसमधल्या सर्व्हिसकडे बोट दाखवलं असेल, तर त्या सर्व्हिसच्या नेमस्पेसमध्ये 'रेफरन्सग्रँट' लागतो.

सुदैवाने गेटवे एपीआय सर्व्हिससारखी मुकी नाही. पण ती कमांड चालवताना बोलत नाही, स्टेटसमध्ये लिहून ठेवते. गेटवे 'डिस्क्राइब' करून 'प्रोग्राम्ड' खरं आहे का बघा, राउट 'डिस्क्राइब' करून 'ॲक्सेप्टेड' आणि 'रिझॉल्व्ह्डरेफ्स' खरे आहेत का बघा. रिझॉल्व्ह्डरेफ्स खोटं असेल तर सर्व्हिसचं नाव, पोर्ट किंवा वरची परवानगी, यातलंच काही चुकलेलं असतं, आणि शेजारच्या संदेशात ते सहसा स्पष्ट लिहिलेलं असतं. स्टेटस पूर्ण रिकामं असेल, तर तुमची फाइल कोणत्याच कंट्रोलरने वाचलेली नाही: क्लासचं नाव तपासा, कंट्रोलरचे पॉड चालू आहेत का बघा.

इन्ग्रेसवरच काम करावं लागत असेल तर 'इन्ग्रेसक्लासनेम' आणि प्रत्येक पाथचा 'पाथटाइप' विसरू नका. बाकी तर्क तोच.

पायरी ६: डीएनएस बदलायच्या आधी

गेटवेला बाहेरचा पत्ता मिळाला की लगेच डोमेन वळवायची घाई नको. कर्लला 'रिझॉल्व्ह' हा पर्याय देऊन 'हे होस्टनेम या आयपीला आहे असं समज' असं सांगता येतं. नुसत्या आयपीवर गेलात तर होस्टनेम जुळणार नाही आणि ४०४ येईल, जो राउट बरोबर असतानाही येतो. फक्त होस्ट हेडर बदलूनही एचटीटीपीवर काम भागतं, पण एचटीटीपीएसमध्ये सर्टिफिकेटची निवड होस्टनेम पाहून आधीच होते, म्हणून रिझॉल्व्हच बरा.

हे चाललं की डीएनएस. आयपी मिळाला असेल तर ए नोंद, होस्टनेम मिळालं असेल तर सीनेम. मूळ डोमेनला, म्हणजे पुढे काही उपनाव नसलेल्या डोमेनला, सीनेम लावता येत नाही. तिथे डीएनएस पुरवठादाराची एलियससारखी सोय शोधा.

पायरी ७: एचटीटीपीएस

गेटवेवर ४४३ चा एक लिसनर वाढवा, प्रोटोकॉल एचटीटीपीएस, आणि सर्टिफिकेट असलेल्या टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) प्रकारच्या सीक्रेटचं, म्हणजे गुप्त माहिती ठेवायच्या वस्तूचं, नाव द्या. ते सीक्रेट गेटवेच्याच नेमस्पेसमध्ये ठेवणं सगळ्यात सोपं. सर्टिफिकेट हाताने आणू नका. सर्ट-मॅनेजर बसवला की तो लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट आणतो आणि मुदत संपण्याआधी बदलतो. पडताळणीची एचटीटीपी-०१ पद्धत वापरत असाल तर ८० पोर्ट बाहेरून उघडा हवा. 'आता सगळं एचटीटीपीएस' म्हणून तो बंद केला की नूतनीकरण थांबतं आणि काही आठवड्यांनी ब्राउझर लाल पान दाखवतो.

यानंतर हमखास दिसणारा प्रकार म्हणजे रीडायरेक्टचं चक्र. टीएलएस गेटवेवर उघडलं जातं, ॲपपर्यंत साधं एचटीटीपी पोचतं. ॲपला वाटतं वापरणारा असुरक्षित मार्गाने आला, म्हणून तो एचटीटीपीएसकडे पाठवतो. तीच रिक्वेस्ट पुन्हा साधी होऊन येते. प्रॉक्सी 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' या हेडरमध्ये मूळ प्रोटोकॉल कळवतो. ॲपच्या फ्रेमवर्कला या हेडरवर विश्वास ठेवायला सांगावं लागतं. वापरणाऱ्याचा खरा आयपीही असाच 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' मधून येतो. तिथेही क्लस्टरचा आतला आयपी दिसत असेल, तर गेटवेच्या लोडबॅलन्सर सर्व्हिसचं 'एक्सटर्नलट्रॅफिकपॉलिसी' हे फील्ड 'लोकल' करून बघा.

पायरी ८: नवी आवृत्ती लावताना तुटणाऱ्या रिक्वेस्ट

सगळं चालू आहे, पण प्रत्येक डिप्लॉयला मोजक्या ५०२ दिसतात. कारण असं: पॉड बंद करायचा ठरला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. ॲपला सिगटर्म ('बंद हो' असा सिग्नल) मिळतो आणि त्या पॉडचा पत्ता यादीतून काढायला सांगितलं जातं. यादीतला बदल सगळ्या नोडवर आणि प्रॉक्सीवर पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात ॲप बंद झालं असेल तर आलेली रिक्वेस्ट तुटते.

उपाय दिसायला विचित्र आहे, पण सर्रास वापरला जातो: 'प्रीस्टॉप' हुकमध्ये (कंटेनर बंद करण्याआधी चालणाऱ्या कृतीत) पाच-दहा सेकंद नुसतं थांबायचं. त्या वेळात पत्ता यादीतून जातो, मग सिगटर्म येतो. नव्या आवृत्त्यांमध्ये त्यासाठी कमांडही लागत नाही, 'स्लीप' ही कृती तयारच आहे. हा वेळ धरून सगळं मिळून ३० सेकंदांत आवरायला हवं, कारण मूळ मुदत तेवढीच असते. जास्त हवी तर 'टर्मिनेशनग्रेसपीरियडसेकंड्स' वाढवा. आणि ॲपला सिगटर्म मिळतो का हेही बघा. डॉकरफाइलमधली सुरुवातीची कमांड शेलमधून चालत असेल तर सिग्नल शेलपाशीच अडकू शकतो, आणि ॲप शेवटी जबरदस्तीने मारलं जातं.

नव्या आवृत्तीवर थोडंच ट्रॅफिक सोडायचं असेल तर राउटच्या एकाच नियमात दोन सर्व्हिस लिहून त्यांना वजन द्या, जुनीला ९०, नवीला १०.

चाललं नाही तर कुठे बघायचं

उत्तराचा आकडाच बरंच सांगतो. ४०४ आला तर आधी ॲपचा लॉग बघा. रिक्वेस्ट तिथे दिसत असेल तर ४०४ ॲपचा आहे आणि पाथचा उपसर्ग तपासायचा. दिसत नसेल तर प्रॉक्सीला जुळणारा नियम मिळालेला नाही: होस्टनेम किंवा पाथ. गेटवे एपीआयमध्ये ५०० आला आणि ॲपच्या लॉगमध्ये काही नसेल तर राउटमधला बॅकएंड चुकीचा आहे. ५०३ म्हणजे बहुतेक वेळा एंडपॉइंट्सची ओळ रिकामी. ५०२ म्हणजे प्रॉक्सी पॉडकडे गेला पण कनेक्शन नाकारलं गेलं किंवा मध्येच तुटलं, म्हणून टार्गेटपोर्ट आणि १२७.०.०.१ आधी आठवा. ५०४ म्हणजे ॲपने वेळेत उत्तर दिलं नाही.

क्लस्टरच्या आत 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'टाइमआउट' यांतही फरक करा. रिफ्यूज्ड म्हणजे कोणीतरी लगेच 'नाही' म्हणालं: ऐकणारा नाही, किंवा सर्व्हिसमागे एकही तयार पॉड नाही. टाइमआउट म्हणजे पॅकेट मध्येच गडप झालं, आणि तिथे पहिला संशय नेटवर्कपॉलिसीवर (कोणता पॉड कोणाशी बोलू शकतो त्या नियमांवर) घ्यावा. काहीच पॉलिसी नसते तेव्हा क्लस्टरमध्ये सगळे सगळ्यांशी बोलू शकतात, पण कोणी 'सगळं बंद' असा नियम लावलेला असेल तर गेटवेच्या नेमस्पेसमधून तुमच्या पॉड्सच्या ८०८० पोर्टवर येण्याची परवानगी वेगळी लिहावी लागते. त्यातही पोर्ट पॉडचा लिहायचा, सर्व्हिसचा ८० नव्हे.